सासूबाईंच्या हातावरचे काळेनिळे डाग आणि ती पांढरी पुडी

पत्र थोडक्यात असं आहे. सिंहगड रोडला राहणारी एक सून लिहितेय. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. गेल्या वर्ष-दीड वर्षात सासूबाईंची कातडी इतकी नाजूक झालीये की सेफ्टी डोअरची कडी नुसती घासली तरी हाताचं सालपट निघतं, आणि दोन्ही हातांवर कोपरापासून खाली काळेनिळे डाग असतातच. दिवाळीला नणंद आली, आईचे हात बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, आईला धरून ओढता का हो तुम्ही?" तेव्हापासून यांना सासूबाईंना आंघोळ घालतानासुद्धा हात लावायची भीती वाटते. नवरा म्हणतो वय झालंय, होतंच असं. सासूबाईंना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, दम्याचा पंप आहे, आणि "गुडघ्यांसाठी एकांकडून पुड्या येतात, पण त्या आयुर्वेदिक आहेत त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही, उलट त्यांनी गुडघेदुखी लगेच थांबून तब्येत सुधारलीये, चेहरा भरलाय, भूक लागते, फक्त साखर जरा बॉर्डरला आलीये." यांचे प्रश्न तीन. रक्त पातळ करायची गोळी बंद करू का? सासूबाईंना घरातलं काहीच करू देऊ नको का? आणि नणंदेला काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वन्संच्या त्या वाक्यापाशी थांबले, कारण मी २८ वर्षं नर्सिंग केलंय आणि हे वाक्य कितीतरी सुनांनी, मुलींनी, घरी ठेवलेल्या मावशींनी ऐकलेलं मी बघितलंय. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पुडीपाशी थांबले, आणि खरं सांगते तिथेच अडकले. तुम्ही ज्या गोष्टीला "प्रश्न नाही" म्हणून बाजूला ठेवलंत, माझं सगळं लक्ष तिकडेच गेलंय.

पण आधी तुमच्या हातांचं बोलू. तुम्ही ओढलं म्हणून हे झालं असं नसणार, आणि तुम्ही हात लावला नाहीत तरी हे थांबणार नाहीये. म्हातारपणी कातडीत काय होतं ते जरा समजून घ्या. आपल्या घरातली जुनी गोधडी आठवा, वरचं लुगडं आणि आतले थर बारीक बारीक टाक्यांनी धरून ठेवलेले असतात. कातडीचंही तसंच, वरचा थर आणि खालचा जाड थर एकमेकांत दातेरी खाचांनी अडकलेले असतात. वय वाढतं तशा त्या खाचा सपाट होत जातात, खालच्या थरातलं कोलेजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रोटीन, कमी होतं, रक्तवाहिन्यांभोवतीचा आधार जातो. मग गोधडीचे टाके उसवल्यावर वरचं कापड जसं सरकतं तसा वरचा थर जराशा घर्षणाने सरकतो आणि फाटतो, आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या एवढ्यातेवढ्याने फुटतात. २००७ मध्ये जिनिव्हाच्या काया आणि सोरा या दोन त्वचातज्ज्ञांनी याला डर्मॅटोपोरोसिस असं नाव दिलं, हाडं ठिसूळ होण्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात ना, त्याच चालीवर, म्हणजे याकडे नुसतं दिसण्याची गोष्ट म्हणून बघू नये, आजार म्हणून बघावं म्हणून.

म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात ते खरं की काय? अर्धं खरं. आता एक करून बघा, आज संध्याकाळी आईंशेजारी बसा आणि उजेडात त्यांच्या मनगटाच्या वरची, हाताच्या बाहेरच्या बाजूची कातडी बघा, आणि मग दंडाच्या आतली, काखेजवळची. दोन्ही कातड्या ७४ वर्षांच्याच आहेत. बाहेरची कागदासारखी, डागाळलेली आणि आतली बरी, मऊ असेल तर तो फरक वयाचा नाही, उन्हाचा आहे. आयुष्यभर गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातलेत, भर दुपारी बाजारहाट केलाय, त्या उन्हाने कोलेजन तोडलंय. पण आतली कातडीही तशीच पातळ झाली असेल, पोटावर मांड्यांवर जांभळट रुंद रेघा दिसत असतील, तर वय आणि ऊन एवढ्यावर भागणार नाही, दुसरं काहीतरी शोधायला लागेल.

आणि इथे ती पुडी येते.

तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एका ओळीत ठेवते. गुडघे दुखायचे लगेच थांबले, भूक वाढली, चेहरा भरला, साखर चढली. यात पाचवी, कातडी पातळ झाली आणि डाग पडायला लागले. ताई, हे वर्णन पोटात जाणाऱ्या स्टिरॉइडचं, म्हणजे सूज आणि दुखणं झटकन दाबणाऱ्या औषधाचं, असू शकतं. मी त्या पुडीत काय आहे ते बघितलेलं नाही, त्यामुळे स्टिरॉइड आहेच असं मी म्हणत नाहीये. पण नाव नसलेल्या, छापील लेबल नसलेल्या पांढऱ्या पुड्यांमध्ये कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या निघाल्याच्या गोष्टी डॉक्टरांना नवीन नाहीत, सांधेदुखी आणि दम्याच्या पुड्यांत तर जास्तच, कारण त्याने दोन दिवसांत माणूस चालायला लागतो आणि देणाऱ्याचं नाव होतं. स्टिरॉइड कातडीतल्या कोलेजन बनवणाऱ्या पेशींना गप्प बसवतं, म्हणून कातडी पातळ होते. चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र बारीक होतात, आणि घरातले म्हणतात तब्येत सुधारली.

यात मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलतेय असं समजू नका. आपल्या पुण्यात किती चांगले वैद्य आहेत, ते नाडी बघतात, औषधाचं नाव लिहून देतात, काय खायचं काय नाही ते सांगतात. नीट बनवलेल्या आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, घटक छापलेले असावे लागतात. तुमच्या पुडीवर काय छापलंय? काहीच नसेल तर ती आयुर्वेदिक आहे हे आपल्याला फक्त देणाऱ्याच्या तोंडून कळलंय, बास.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही नीट वाचा. पुडी घाबरून उद्या सकाळी एकदम बंद करू नका. आपल्या मूत्रपिंडावर अॅड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून महिनोन्महिने मिळत राहिलं की त्या काम करायचं सोडतात, आणि बाहेरचं अचानक तोडलं तर अंगात काहीच उरत नाही, मग गळून जाणं, उलट्या, बीपी कोसळणं, जिवावर बेतू शकतं. म्हणून फिजिशियनची अपॉइंटमेंट या आठवड्यातलीच घ्या, दोन-तीन पुड्या आणि त्यांचं पाकीट बरोबर न्या, किती महिने आणि दिवसाला किती चालू आहे ते लिहून न्या. ते बहुतेक सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं ते स्वतःचं स्टिरॉइड, तपासायला सांगतील आणि मग हळूहळू कमी कसं करायचं ते ठरवतील. गुडघे परत दुखतील, तेव्हा आईंना "बघा, त्या पुड्याच बऱ्या होत्या" असं वाटणार, त्याची तयारी आधीच ठेवा, डॉक्टरांना गुडघ्यांसाठी वेगळं काहीतरी द्यायला त्याच भेटीत सांगा. तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासन आहे, पण ते नंतर, आधी आई.

रक्त पातळ करायच्या गोळीचा प्रश्न. नाही, बंद करू नका. ती गोळी कातडी पातळ करत नाही, ती फक्त फुटलेल्या रक्तवाहिनीतून येणारं रक्त लवकर गोठू देत नाही, म्हणून डाग मोठा दिसतो. ती हृदयासाठी दिली असेल, स्टेंट असेल, तर स्वतःच्या मनाने बंद करणं म्हणजे हातावरच्या डागासाठी हार्ट अटॅकचा धोका घेणं. दम्याच्या पंपाचंही तेच. स्टिरॉइडचा पंप मोठ्या डोसमध्ये वर्षानुवर्षं घेतला तर डाग पडायचं प्रमाण वाढतं हे खरं, पण डोस किती लागतो ते डॉक्टर बघतील, दमा उसळला तर बाकी सगळं बाजूलाच राहील.

आणि मलम! तुम्ही मलमाचं काही लिहिलं नाहीत, पण बघा जरा, कपाटात असेलच. खाज सुटली, गजकर्ण झालं, की मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब घरात वर्षानुवर्षं फिरत असते, आजी लावते, मुलगा लावतो, सूनही चेहऱ्यावर काळे डाग जायला लावते. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड. लावल्यावर खाज जाते, कातडी उजळते, आणि काही महिन्यांत तिथली कातडी पातळ, लाल, रक्तवाहिन्या दिसणारी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम केला, तरी लोक अजून काउंटरवर नाव सांगून आणतात. वाचणाऱ्या तरुण मुलींनो, गोरं व्हायच्या क्रीममध्येही हेच असू शकतं, ट्यूब वाचल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. मात्र त्वचेच्या डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी लिहून दिलेलं असेल तर घाबरून सोडू नका, त्यांना विचारा.

पुडीत काहीच निघालं नाही तर? असंही होऊ शकतं. मग बाकीच्या गोष्टी. आई काय खातात हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. बऱ्याच घरांत मी बघते, कवळी नीट बसत नाही म्हणून सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात, संध्याकाळी परत चहा-खारी. पोट भरतं पण डाळ नाही, अंडं नाही, फळ नाही. कोलेजन बनायला प्रोटीन लागतं आणि क जीवनसत्त्व लागतं, क जीवनसत्त्व माणसाच्या शरीरात बनतच नाही. ते फार कमी पडलं की हिरड्यांतून रक्त, पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, जखमा भरायला उशीर, हा जुना स्कर्व्ही, जहाजावरच्या खलाशांचा, ज्यांना जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये संत्री-लिंबं देऊन बरं करून दाखवलं. चहा-बिस्किटावर राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांना तो आजही होतो. त्यासाठी महागडं काही नको, पेरू किसून द्या, आवळा वाफवून द्या, वरणात लिंबू पिळा. साखर बॉर्डरला आहे म्हणून मोरावळा नको. प्रोटीनला मुगाचं घट्ट वरण, पनीर कुस्करून, चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारून.

डॉक्टर काही तपासण्या सांगतील, प्लेटलेट्ससकट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) हिमोग्राम, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी, किडनी, लिव्हर, कधी थायरॉइड. यातलं कुठलंही बिघडलं तरी कातडीवर दिसतं, जखम भरायला वेळ लागतो किंवा डाग पडतात. डाग छातीवर-पाठीवर पडायला लागले, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले, नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं, शी काळी झाली, वजन उतरलं, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. म्हाताऱ्या माणसाला खूप खाज सुटून मग टपोरे, घट्ट फोड येत असतील तर तो वेगळाच आजार असतो, त्याला त्वचारोगतज्ज्ञच लागतो. खासगीत परवडत नसेल तर सरकारी ससून हॉस्पिटलला त्वचा विभाग आहे, सकाळी लवकर जा, दिवस मोडतो पण तिथे बघतात.

तरुण वाचकांपैकी कुणाची कातडी लहानपणापासूनच अशी असेल, ताणली तर खूप ताणली जाते, सांधे नको तितके वाकतात, जखमांचे वण पातळ कागदासारखे राहतात, तर एहलर्स-डॅनलॉस नावाचा जन्मजात आजार असू शकतो, आणि तान्ह्या बाळाला नुसतं उचललं तरी फोड येत असतील तर एपिडर्मोलिसिस बुलोसा. त्या गोष्टी वेगळ्या, त्यांना वेळ न घालवता मोठ्या हॉस्पिटलला दाखवा.

आता रोजचं. मी नवीन असताना एका आजींच्या हातावरची सलाईनची चिकटपट्टी घाईत ओढली आणि पट्टीबरोबर दोन बोटं रुंदीची कातडी माझ्या हातात आली. आजी ओरडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते अजून विसरले नाहीये. म्हणून सांगते, घरात अशी कातडी असेल तर बँड-एड आणि चिकटपट्ट्या त्या माणसाच्या अंगापासून लांब ठेवा. कातडी फाटली तर लोंबणारा पापुद्रा कापायचा नाही, ओढायचा नाही. स्वच्छ फडक्याने हलकं दाबून रक्त थांबवा, हात वर धरा, साध्या स्वच्छ कोमट पाण्याने धुवा, मग ओल्या गॉजने पापुद्रा हळूच सरकवत जागेवर पसरवा, जशी धिरड्याची उलटलेली कड सोडवतो तशी. वर व्हॅसलिन लावलेली जाळी मिळते मेडिकलमध्ये, पॅराफिन गॉज म्हणा, ती ठेवा, त्यावर साधा गॉज आणि गुंडाळपट्टी, पट्टी गाठ मारून बांधायची, चिकटवायची नाही. पट्टीवर पेनने बाण काढा, पापुद्रा ज्या बाजूला जोडलेला आहे तिथून त्याच्या मोकळ्या कडेच्या दिशेने, म्हणजे नंतर सोडवताना बाणाच्या दिशेने सोडवलं तर तो परत उचकटणार नाही. आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारतील. हळद, टूथपेस्ट, डेटॉल यातलं काही नाही. पायाच्या नडगीवरची जखम आणि पायाला सूज असेल तर घरी प्रयोगच नको.

आंघोळ कोमट पाण्याने, साबण थोडा, घासणी आणि वजरी हातापायांना नको, पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर आहे तेव्हाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, संध्याकाळी परत एकदा, हातांना आणि पायांना, केसांच्या दिशेने नुसतं पसरवत, चोळायचं नाही. क्रीम परवडत नसेल तर खोबरेल तेल चालेल, फक्त फरशीवर सांडू देऊ नका. ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांमध्ये झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावलेल्यांच्यात अशा जखमा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. आपल्याकडे थंडीत हवा किती कोरडी होते, तेव्हा तर चुकवूच नका.

उठवताना मनगट धरून उठवायचं नाही, ही मात्र सवय बदला, आपण सगळ्याच तसं करतो. तळहात उघडा ठेवून कोपराखाली द्या आणि दुसरा पाठीमागे. आंघोळ घालताना तुमच्या काचेच्या बांगड्या आणि खड्याची अंगठी काढून ठेवा, नखं कापा. आईंच्याही बांगड्या बघा, त्यांचे डाग नेमके बांगड्यांच्या जागेवर आहेत का? काच टिचली की बारीक धार राहते, हात टेकून उठताना तीच कापते. त्यांना बांगड्या काढायला सांगणं सोपं नसतं, तेव्हा काच काढून गुळगुळीत सोन्याची किंवा मुलाम्याची एकेक राहू द्या. जुन्या मऊ मोज्यांचे पुढचे तोंड कापून ते मनगटापासून कोपरापर्यंत चढवा, घरातल्या घरात फार उपयोगी पडतात. सेफ्टी डोअरच्या कडीला, टीपॉयच्या कोपऱ्याला, पलंगाच्या कडेला फोम लावा. रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा राहू दे.

आणि काम करू द्यायचं का? करू द्या. बसवून ठेवलं तर स्नायू जातात, मग तोल जातो, मग पडणं आणि फाटणं दोन्ही वाढतं. मटार सोलू दे, गजरा करू दे, वाती वळू दे. कोवळ्या उन्हातही बसू दे, हात झाकून. विळी आणि गरम कढई तेवढी नको.

राहिल्या वन्सं. ताई, त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, लागणारच. पण त्यांच्या जागी बसून एकदा बघा, सहा महिन्यांनी आलेल्या मुलीने आईचे असे हात बघितले तर तिच्या मनात काय येईल? आणि शंका येणं सगळ्याच घरांत चुकीचं असतं असंही नाही, म्हाताऱ्या माणसांना मारहाण होते, मी वॉर्डात बघितलीये. कातडीमुळे पडणारे डाग बहुधा कोपराखाली आणि हाताच्या पाठीवर असतात, फार दुखत नाहीत, आणि मुका मार लागल्यावर जशी हिरवी-पिवळी छटा येते तशी फारशी न येता जांभळ्याचे तपकिरी होत जातात. अंगावर झाकलेल्या जागी, पाठीवर, मांडीच्या आत, कानामागे डाग असले तर डॉक्टर वेगळा विचार करतात. हे सगळं तुम्ही वन्संना समजावून सांगत बसू नका, तुम्ही सांगितलेलं आत्ता बचावासारखं वाटेल. त्यांना फोन करा आणि म्हणा, "वन्सं, आईंना डॉक्टरांकडे नेतेय, तुम्ही पण या, निदान व्हिडिओ कॉलवर थांबा, जे विचारायचं ते तुम्हीच त्यांना विचारा." ती पुडी घरात कुणी आणली हेही त्या वेळी निघेल, कदाचित वन्संनीच कुणाचातरी नंबर दिला असेल, कदाचित तुमच्या मिस्टरांनी. तेव्हा कुणीही कुणाला बोलू नका, आईंना चालता यावं म्हणूनच आणलीये ती.

मिस्टरांनाही त्या दिवशी सुट्टी टाकायला लावा. आईंना एका हाताला ते धरतील, कोपराखाली तळहात देऊन, तुमच्या दुसऱ्या हातात औषधांचा सगळा डबा असू दे, पंप, गोळ्या, मलमाची ट्यूब, पुड्या, सगळं. गेल्यावर काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.